दासी, सुईण आणि परिचारिका

'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. त्यावरून सेवा आणि पुढे आजाऱ्याची देखभाल असे त्याचे अर्थ विस्तारत गेले. चरकसंहितेत वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले असून, उपस्थाता म्हणजे रुग्णाजवळ राहून त्याची काळजी वाहणारा; त्याच्या अंगी उपचाराचे ज्ञान, दक्षता आणि शुचिता यांच्या जोडीने अनुराग, म्हणजे जिव्हाळा, असावा अशी अपेक्षा आहे. ग्रंथाने जिव्हाळ्याला अशी कौशल्याच्या पंक्तीत जागा दिली, तरी गावगाड्यात हे काम ज्यांच्या वाट्याला आले त्यांना मान क्वचितच मिळाला.

परभणी जिल्ह्यातील गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मस्थान मानले जाते. नामदेवांच्या घरी दासीपण केलेल्या जनाबाईंच्या नावावरील अभंगांत विठ्ठल तिच्यासोबत दळू लागतो, तिची वेणीफणी करतो. रुग्णसेवेशी याचा थेट संबंध नाही; पण राबणाऱ्या बाईलाही कोणीतरी हातभार लावावा, ही अपेक्षा येथे स्पष्ट आहे.

सुईणीच्या वाट्याला तेवढेही आले नाही. मराठवाड्यातील खेड्यांत बाळंतपणे दीर्घकाळ तिच्याच हातून होत आणि अनेक गावांत हे काम मातंग वा महार समाजातील स्त्रियांकडे असे. पाटावर पाय पसरून ती बाळाला नडग्यांवर पालथे घेई, पाण्याचा ऊनपणा आधी स्वतःच्या हातावर अजमावी, आणि न्हाणे आटोपल्यावर ओवा-वेखंडाची धुरी देऊन बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवी. मोबदला धान्य आणि लुगडे. आणि ज्या हातांनी मूल जगात आणले, त्याच हातांचा एरवी विटाळ. या स्त्रियांचे गोडवे गाताना विसरता कामा नये की नाळ विळ्याने कापली जाई आणि त्यातून अर्भकांना धनुर्वात होई. दक्षता होती, अनुराग होता. चरकाने मागितलेली शुचिता मात्र जंतूंच्या ज्ञानाअभावी अपुरी राहिली.

पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने, 1909 नंतरच्या काळात, विधवांसह अनेक स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवले, तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होती. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले आणि 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रांचे जाळे विणले गेले आणि त्यांच्या उपकेंद्रांतून एएनएम, म्हणजे बाळंतपणाचे शिक्षण घेतलेली साहाय्यक परिचारिका, गावात आली. लोकांनी तिला 'नर्सबाई' म्हटले. सपाट प्रदेशात साधारण 5000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हे प्रमाण ठरले. तिच्याकडे निर्जंतुक साधने आली, लस आली, आणि त्यांच्यामागोमाग नोंदवह्याही आल्या: गरोदर मातांची, लसीकरणाची, पात्र जोडप्यांची. कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे 1996 मध्ये रद्द होईपर्यंत तिच्या कामाचे माप बऱ्याच अंशी शस्त्रक्रियांच्या आकड्यांवर ठरे. बाळंतिणीच्या बाजेशी ती किती वेळ बसली, याचा रकाना त्या वह्यांत नव्हता.