मॉरो कॅसलची शेवटची रात्र

जहाजावरच्या सहलीचा शेवटचा दिवस मोठा चमत्कारिक असतो. काही वर्षांपूर्वी मुंबईहून निघालेल्या एका पर्यटन जहाजावर मी तो अनुभवला. रात्री बॅगा भरून केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या, बिलं चुकती करायची, नव्याने ओळख झालेल्यांचे फोन नंबर लिहून घ्यायचे. माणूस असतो जहाजावर, पण मनाने कधीच बंदराला लागलेला असतो. पहिल्या दिवशीची कवायत कुणाला आठवतही नसते. त्या कवायतीत एका खलाशाने आम्हाला लाइफ जॅकेट घालून दाखवलं होतं, आणि उडी मारताना ते छातीशी दोन्ही हातांनी खाली ओढून धरायचं, असं बजावलं होतं. आम्ही मात्र चहा थंड होतोय म्हणून कुरकुरत होतो. त्या दोन हातांचा अर्थ मला पुढे ‘मॉरो कॅसल’ची हकिगत वाचल्यावर कळला.

हवाना बंदराच्या तोंडाशी एक जुना किल्ला आहे. त्याचं नाव घेऊन हे जहाज १९३० साली न्यूयॉर्क-हवाना फेऱ्या करू लागलं. अमेरिकेत तेव्हा मंदी होती आणि १९३३ पर्यंत दारूबंदीही होती. हवानात ती नव्हती! तेव्हा आठवडाभराची ही सहल लोकप्रिय झाली नसती तरच नवल. ५०८ फूट लांबीचं हे जहाज म्हणजे तरंगतं हॉटेलच. दिवाणखाने, नाचघर, वाचनालय, सगळीकडे चकचकीत पॉलिश केलेलं लाकूड आणि भारी पडदे.

५ सप्टेंबर १९३४ रोजी ते हवानाहून परतीला निघालं. ७ तारीख हा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी न्यूयॉर्क यायचं होतं. हवा बिघडत चालली होती, ईशान्येकडून जोराचा वारा सुटला होता. संध्याकाळी निरोपाचा समारंभ होता, पण कॅप्टन रॉबर्ट विल्मॉट पोट दुखतंय म्हणून आपल्या केबिनमध्येच राहिले आणि तिथेच वारले. समारंभ रद्द झाला. जहाजाची सूत्रं मुख्य अधिकारी विल्यम वॉर्म्स यांच्याकडे आली. प्रवासी मात्र शेवटची रात्र म्हणून उशिरापर्यंत जागे होते.

पहाटे तीनच्या सुमारास लेखनकक्षातल्या एका कपाटातून धूर येताना दिसला. आग कुणी लावली की आपोआप लागली, यावर आजही वाद आहे. मला तो वाद दुय्यम वाटतो. आग पसरली कशी, हे अधिक महत्त्वाचं आहे.

चौकशीत जे बाहेर आलं, ते ऐकून थक्क व्हायला होतं. आगीची सूचना देणारी यंत्रणा केबिनमध्ये होती. लेखनकक्षासारख्या सार्वजनिक दालनांत नव्हती. आग अडवणारे दरवाजे होते, पण लाकडी छताच्या वरच्या पोकळीतून ज्वाळा पलीकडे जाऊ शकत होत्या. काही आठवड्यांपूर्वी गळक्या नळाने ओल्या झालेल्या डेकवर एक प्रवासी बाई घसरून पडल्या होत्या. त्यांनी भरपाई मागितली, तेव्हा डेकवरचे आगीचे नळ बंद करून होज काढून ठेवण्यात आले होते. आणि प्रवाशांच्या सुखात व्यत्यय नको म्हणून त्यांची कवायतही नीट होत नसे. पाहुण्यांना त्रास नको, एवढाच सगळ्यांचा हेतू!

जहाज तसंच वाऱ्याच्या तोंडावर धावत राहिलं, आणि भाता मारावा तशी आग भडकली. किनारा काही मैलांवर होता. रेडिओ कक्षातून मदतनीस पुलावर खेपा घालत होता, तरी मदतीचा संदेश पाठवण्याचा हुकूम मिळायला सुमारे अर्धा तास गेला. बारांपैकी सहाच लाइफबोटी पाण्यात उतरल्या. त्यांत ४०८ माणसं मावली असती. बसली ८५, आणि त्यांतही बहुतेक जहाजाचे कर्मचारी. प्रवासी मागच्या डेकवर कोंडले गेले. पायांखाली पत्रा तापत होता. त्यांनी उड्या मारल्या. लाइफ जॅकेटं कॉर्कची, टणक. ती कशी धरायची हे कुणी शिकवलेलंच नव्हतं. पाण्यावर आपटताच जॅकेट उसळून हनुवटीला बसे; कित्येक जण बेशुद्ध झाले, काहींच्या माना मोडल्या.

५४९ जणांपैकी १३० हून अधिक मृत्युमुखी पडले. ‘मोनार्क ऑफ बर्म्युडा’सारखी जहाजं धावून आली. न्यू जर्सीचे गव्हर्नर हॅरी मूर स्वतः विमानातून फिरले आणि बुडणाऱ्यांच्या जागा बचाव करणाऱ्यांना दाखवत राहिले. जळतं जहाज ओढून नेताना दोर तुटला. संध्याकाळी ते ॲस्बरी पार्कच्या किनाऱ्याला, अगदी तिथल्या सभागृहासमोर येऊन लागलं. मग जत्राच भरली. हजारो लोक पाहायला आले, त्याची चित्रं छापलेली पोस्टकार्डं विकली गेली. मार्च १९३५ मध्ये सांगाडा मोडीत काढायला नेला, तेव्हा कुठे ती गर्दी हटली.

वॉर्म्स, मुख्य इंजिनिअर ॲबट आणि कंपनीचा एक अधिकारी यांना १९३६ मध्ये दोषी ठरवण्यात आलं. पुढच्याच वर्षी अपिलात वॉर्म्स आणि ॲबट सुटले. बराचसा ठपका दिवंगत कॅप्टनवर गेला. पण अमेरिकेतले जहाजबांधणीचे नियम मात्र बदलले. जळणारं लाकूड हटलं, अग्निशामक यंत्रणा आली, कवायत सक्तीची झाली. १९५२ साली सेवेत आलेल्या ‘युनायटेड स्टेट्स’ या भव्य जहाजाचे आरेखक विल्यम फ्रान्सिस गिब्ज यांनी तर लाकडाचा असा धसका घेतला होता, की त्या अख्ख्या जहाजावर लाकडाच्या म्हणून दोनच गोष्टी होत्या असं सांगतात: खाटकाचा ठोकळा आणि पियानो. पियानोसुद्धा ॲल्युमिनियमचा करा, असा त्यांचा आग्रह होता. पियानो बनवणाऱ्यांनी तो मानला नाही.