पाळीतील पोटदुखी आणि शेक : गरम विटेपासून चिकटपट्टीपर्यंत

"डॉक्टर, पाळीत दर वेळी गोळी घ्यायलाच हवी का? शेकाने खरंच फरक पडतो का?" मुली आणि त्यांच्या आया हा प्रश्न नेहमी विचारतात. शेकाचा इतिहास पाहिला की त्याचे उत्तर सापडते.

शेक किती जुना?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'स्वेदाध्याय' नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात अग्नीच्या उष्णतेने शेकण्याचे १३ प्रकार सांगितले आहेत. आपल्या घरांतही फडक्यात गुंडाळलेली गरम वीट, वाळूची पुरचुंडी, तव्यावर तापवलेला कपडा हे उपाय चालत आले. पण या साऱ्यांना चूल लागते, आडोसा लागतो आणि आडवे पडायला सवड लागते. शाळेतल्या मुलीला किंवा शेतावर राबणाऱ्या बाईला यातले काहीच मिळत नसे.

रबराची पिशवी

१८४४ मध्ये चार्ल्स गुडइयर यांनी गंधकाच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. उष्णतेने न वितळणारे रबर मिळाल्यामुळे पुढे गरम पाण्याची पिशवी शक्य झाली. झाग्रेबचे संशोधक स्लावोल्युब पेंकाला यांनी १९०३ मध्ये 'टर्मोफोर' या पिशवीचे पेटंट घेतले. ही पिशवी स्वस्त आणि वर्षानुवर्षे टिकणारी, म्हणून ती घरोघरी पोहोचली. मात्र पाणी तापवण्याची गरज उरलीच.

दुखणे 'मनाचे' नव्हते

विसाव्या शतकात बराच काळ अनेक डॉक्टर पाळीतील कळांना मानसिक कारणे चिकटवत. १९५७ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ व्ही. आर. पिकल्स यांनी पाळीच्या स्रावात स्नायू आकुंचित करणारा पदार्थ असल्याचे दाखवले. पुढे त्यात प्रोस्टाग्लँडिन असल्याचे स्पष्ट झाले. त्यामुळे गर्भाशय जोराने आवळते, त्याचा रक्तपुरवठा तात्पुरता कमी होतो आणि कळा येतात. शेकाने स्नायू सैलावतात आणि रक्तप्रवाह सुधारतो.

१९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी 'गेट कंट्रोल' सिद्धांत मांडला. मज्जारज्जूत जणू एक दार असते, आणि स्पर्शासारख्या दुसऱ्या संवेदना आल्या की वेदनेसाठी ते थोडे मिटते. याच विचारातून १९७० च्या दशकात त्वचेवरून सौम्य विद्युतस्पंदने देणारे 'टेन्स' यंत्र पुढे आले. आता पाळीसाठी खिशात मावणारी टेन्स यंत्रे मिळतात.

अंगावर बाळगायची ऊब

१९७८ मध्ये जपानमध्ये 'होकारोन' ही वापरून टाकायची गरम पुडी बाजारात आली. लोखंडाची भुकटी, मीठ, पाणी आणि कोळशाची पूड यांना हवा लागली की लोखंड गंजते आणि ऊब निर्माण होते. चूल नको, वीज नको! याच तत्त्वावर पुढे ओटीपोटावर कपड्याखाली लावायच्या पट्ट्या आल्या. २००१ मध्ये 'ऑब्स्टेट्रिक्स अँड गायनेकॉलॉजी' या नियतकालिकात एक छोटा पण महत्त्वाचा अभ्यास आला. सुमारे ३९ अंश सेल्सिअसची पट्टी रोज १२ तास, असे दोन दिवस लावली, तर मिळणारा आराम आयबुप्रोफेनच्या तोडीचा होता. पट्टी आणि गोळी एकत्र दिल्यावर आराम लवकर जाणवला.

अडचण आहे ती खर्चाची. पट्टी एकदाच वापरता येते, म्हणजे दर महिन्याला नवा खर्च आणि नवा कचरा. जिला सर्वांत जास्त गरज, तिलाच ती परवडत नाही. म्हणून घरी असाल तर जुनी पिशवी आजही उत्तम!

हे लक्षात ठेवा

- पिशवीत उकळते पाणी भरू नका. हवा काढून झाकण घट्ट लावा आणि पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळा. रबराला भेगा दिसल्या तर ती बदला.
- पिशवी किंवा पट्टी लावून झोपू नका. रोज कडक शेक घेतल्यास त्वचेवर तपकिरी जाळी उमटते.
- पेसमेकर असल्यास किंवा गरोदरपणाची शक्यता असल्यास टेन्स डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.
- दुखणे दर महिन्याला वाढत असेल, रक्तस्राव खूप होत असेल, पाळी नसतानाही दुखत असेल किंवा ताप येत असेल, तर शेकावर वेळ काढू नका. एंडोमेट्रिओसिससारखा आजार असू शकतो.

गोळी घेण्यात कमीपणा नाही आणि शेक घेणे हा अडाणीपणाही नाही. पण "सगळ्यांनाच दुखतं, सहन कर" हा मात्र उपचार नव्हे. मुलगी दुखतंय म्हणाली, तर आधी तिच्यावर विश्वास ठेवा.