खाजनाचा बांध आणि मानशीचा मासा

फोंडा महालातील बांदिवडे हे गाव महालक्ष्मी आणि नागेश या दोन देवस्थानांमुळे आपल्या वाचकांस सुपरिचित आहे. याच गावाच्या नावाने ओळखला जाणारा एक ताम्रपट इतिहासाभ्यासकांच्या संग्रही आहे. कोकणच्या मौर्यकुळातील अनिर्जितवर्मा राजाचा हा लेख इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातील मानला जातो. एका ब्राह्मणास दिलेल्या भूमिदानाची नोंद त्यात असून ‘खज्जन’ नावाच्या जमिनीचा उल्लेख आहे. खारे पाणी बांध घालून अडवावे आणि ती भूमी पिकाखाली आणावी, असा त्या दानाचा आशय आहे. म्हणजे दान मिळाले ते तयार शेत नव्हे, तर कष्टाने समुद्राकडून सोडवून घ्यावयाची जमीन! आपण आज ‘खाजन’ म्हणतो तो शब्द, आणि त्यामागचा उद्योग, सुमारे दीड हजार वर्षांचा आहे.

मांडवी, जुवारी, साळ, शापोरा या नद्यांच्या मुखांकडील सखल पट्ट्यांत गोमंतकात सुमारे 18 हजार हेक्टर खाजने आहेत, असे सामान्यतः सांगितले जाते. भरतीच्या पाण्याची पातळी या शेतांहून उंच असते. चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांच्या बांधाने ते पाणी बाहेर थोपविलेले असते. बांधाच्या नदीकडील अंगास कांदळाची झाडे राखतात. लाटेचा मार ती स्वतःवर घेतात. पहिल्या पावसाने जमिनीतील मीठ धुऊन गेले की कोरगुट, आसगो अशा खारटपणा सोसणाऱ्या भाताची पेरणी होते. आत साचलेले पाणी वाहून न्यावयास ‘पोंय’ नावाचा सखल ओहोळ असतो, आणि पोंय जेथे नदीस मिळते तेथे बांधात बसविलेले असते लाकडी दाराचे एक द्वार. हीच ‘मानस’.

मानशीची रचना साधी, पण युक्तीची आहे. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दारे आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडतात. त्यासाठी रात्री कोणी जागत बसावे लागत नाही. मात्र पीक निघाल्यावर माणूस मुद्दाम थोडे खारे पाणी आत घेतो, आणि त्याबरोबर सुंगटे, शेवटे, काळुंदर, चणक यांची पिले आत शिरतात. ओहोटीच्या वेळी द्वारापुढे जाळे लावले की मासा हाती येतो. मानशीवर मासे धरण्याचा हक्क पावणीत, म्हणजे जाहीर लिलावात, बोलीने दिला जातो.

उधाणाच्या ओहोटीला जाळे भरते आणि भांगाला रिकामे राहते, हे गावच्या पोरासही ठाऊक असे. याचे कारण मात्र विज्ञानाने विसाव्या शतकात सांगितले, आणि त्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. केरळचे डॉ. एन. के. पणिक्कर यांनी 1940 च्या सुमारास इंग्लंडात प्लिमथ येथे कोळंबीच्या रक्तातील क्षारांवर प्रयोग केले. सभोवतालचे पाणी गोडसर झाले तरी कोळंबी आपल्या रक्ताचा खारटपणा पाण्याहून अधिक राखू शकते, आणि समुद्राच्या पूर्ण खाऱ्या पाण्यात तो पाण्याहून कमी राखते. उबदार पाण्यात तिला निमगोडे पाणी अधिक सोसते, असेही त्यांस आढळले. उष्ण प्रदेशांतील खाड्या कोळंबीने इतक्या समृद्ध का, या प्रश्नाचे उत्तर येथून मिळू लागले. अनेक जातींची कोळंबी अंडी घालते समुद्रात. तिची सूक्ष्म पिले भरतीबरोबर खाडीत येतात, चिखलाच्या उथळ पाण्यात काही महिने वाढतात आणि पूर्ण वाढ होण्यापूर्वी ओहोटीबरोबर पुन्हा समुद्राकडे निघतात. मानशीच्या जाळ्यात सापडते ती ही समुद्राकडे परत निघालेली कोळंबी. पणिक्कर पुढे 1947 साली स्थापन झालेल्या मंडपम् येथील समुद्री मत्स्यसंशोधन केंद्राचे प्रमुख झाले, आणि 1966 साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था निघाली तेव्हा तिचे पहिले संचालकही तेच होते. ही संस्था आज आपल्या दोना पावल येथे आहे. मानशींच्या प्रदेशातच तिने ठाण मांडावे, हा योगायोग मला मोठा मनोज्ञ वाटतो.

परंतु मासा आणि भात यांचे हित एक नव्हे. खारे पाणी जितके अधिक आत घ्यावे आणि जितके दिवस ठेवावे, तितका बोलीदाराचा लाभ अधिक व भातकऱ्याची हानी अधिक. या दोहोंतील तंटा मिटविणारी संस्था म्हणजे गावकरी, पोर्तुगीज कायद्यातील कोमुनिदाद. अफोंसो मेशिया याने 1526 साली जी ‘फोराल’ नामक सनद लिहून काढली, तिच्या आरंभी एक आख्यायिका नमूद आहे: पूर्वी चार पुरुष तिसवाडीच्या ओसाड बेटावर आले आणि त्यांनी ती भूमी लागवडीस आणली, गावकर हे त्यांचे वंशज. आख्यायिका खरी असो वा नसो, तिचा कायदेशीर अर्थ स्पष्ट आहे. जमीन घडविणारा तोच तिचा कारभारी, आणि त्याचा कारभार सामुदायिक. पावणीचे उत्पन्न गावकरीच्या तिजोरीत जाई, आणि बांधाची डागडुजी त्याच तिजोरीतून होई. ग्रामदेवतेची पूजाअर्चा आणि देवळाच्या सेवकांचा निर्वाहही गावकरीच्या जमिनींवरच चालत असे.

1560 नंतरच्या दशकात साष्टीची देवळे गेली. कुठ्ठाळीचा मंगेश खाडी ओलांडून प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चच्या संस्थांकडे वळले. तरीही बांध उभेच राहिले. धर्म बदललेल्या गावकरांसही भरती थोपविणे भागच होते.

या बांधांस खरी ओढ लागली ती आपल्याच काळात, आणि तीही अशा कायद्याने ज्याचा हेतू सर्वस्वी न्याय्य होता. 1964 च्या कूळ कायद्याने कसणाऱ्यास संरक्षण दिले. 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने कुळास जमिनीचा मालक मानले. कसेल त्याची जमीन हे तत्त्व मला वकील म्हणून व नागरिक म्हणूनही मान्य आहे. पण खाजनात जमीन सुटी नसते. शेताचा तुकडा एकाचा करता येतो. बांध एकाचा करता येत नाही. हे सरकारास कळले नव्हते असे नाही. 1975 सालीच कुळांच्या संयुक्त जबाबदारीचे नियम झाले, कुळांचे संघ स्थापन झाले, बांधांची निगा त्यांच्याकडे आली. परंतु कोमुनिदादीस जमिनीत पूर्वीचा रस उरला नाही, आणि संघातील पुष्कळांस शेतीत उरला नाही. मुलगा आखातात नोकरीस गेलेल्या घरास भाताच्या दोन पोत्यांपेक्षा पावणीतील वाटा सोयीचा वाटू लागला, तर त्याला दोष तरी कोणत्या तोंडाने द्यावा? पूर्वी मासा हा बांधाचा खर्च भागवीत असे. आता माशासाठी बांध फुटू लागले. काही ठिकाणी ते हेतुपुरस्सर फोडले जातात, हे उघड गुपित आहे. एकदा खारे पाणी आत मुरले की शेजारच्या शेतांबरोबर विहिरीही बिघडतात.

शेजारच्या कोकणात याच प्रश्नाचे उत्तर निराळे शोधले गेले. तेथे बाहेरच्या बांधाची जबाबदारी शिलोत्रीदारांवर असे. ती पद्धत ढासळली तेव्हा 1948 च्या खारजमीन कायद्याने सरकारनेच बांधांचा भार अंगावर घेतला.

दरम्यान 1990 नंतर किनाऱ्यांवर कोळंबीसंवर्धनाची लाट आली. बाहेरून आणलेले बी, कारखानी खाद्य, दाट साठवण आणि दूषित पाण्याचा निचरा. 1994-95 मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने पूर्व किनाऱ्यावरील तळीच्या तळी बसली. 11 डिसेंबर 1996 रोजी एस. जगन्नाथ यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भरतीरेषेपासून 500 मीटरांच्या किनारी नियमन क्षेत्रातील तळी मोडून टाकण्याचा आदेश दिला. केवळ पारंपरिक व सुधारित पारंपरिक पद्धतींस त्यातून सूट ठेवली. पुढे 2005 च्या कायद्याने या बंदीची धार बोथट केली, तो भाग वेगळा. मला त्या सुटीतील ‘पारंपरिक’ हा शब्द अडखळवितो. भाताच्या पाळीनंतर मासा घेणारे खाजन पारंपरिक खरे. पण ज्याचा बांध फुटू देऊन बाराही महिने केवळ मासाच धरला जातो, त्यासही जुन्या मानशीच्या आधारावर परंपरेचे नाव लावता येईल काय?

गोमंतकाच्या जमीननोंदीच्या नमुना 1 व 14 मध्ये लागवडीच्या जमिनीच्या प्रकारांत ‘खाजन’ असा निराळा रकाना आहे. व्यवसायानिमित्त हे उतारे हाती येतात. रकान्यात क्षेत्र व्यवस्थित भरलेले असते. स्थळावर जावे तर गुडघाभर पाणी आणि त्यात माजलेले कांदळ. 2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेने गोव्याच्या खाजनांचे रक्षण करावे असे म्हटले, आणि कांदळवनांचेही करावे असे म्हटले. बांधाबाहेर जे कांदळ रक्षक होते, तेच आता शेतात उगवल्याने शेत पुन्हा शेत होऊ देत नाही, कारण ते तोडणे निषिद्ध. मागे एका वृद्ध अशिलाने असा उतारा माझ्या मेजावर ठेवून विचारले, “वकीलबाब, हांगा शेत आसा म्हण कागद सांगता, खारफुटी आसा म्हण सरकार सांगता, मग हांवें रोंवचें तें खंय?” एला येथील संशोधन केंद्राने कोरगुटातून निवडून काढलेल्या नव्या भाताचे बी त्याला हवे होते. बी मिळण्यासारखे होते. बांध दुरुस्त करावयास मात्र संघाचे बाकीचे सभासद तयार नव्हते, आणि एकट्याने बांध घालण्याचा हक्क मला कोणत्याही कलमात सापडला नाही.