झाकणावरची खूण आणि टोळीची आठवण

कागदाशिवाय हिशेब ठेवण्याच्या पद्धतींत पेरूमधील इंका राज्याचा ‘खिपू’ सर्वांत प्रसिद्ध. एका मुख्य दोरीला अनेक दोरे लोंबत आणि त्यांवर गाठी मारलेल्या असत. या गाठी दशमान पद्धतीच्या असल्याचे लेलँड लॉक यांनी १९१२ मध्ये दाखवून दिले. एककासाठी वेढ्यांची लांब गाठ, दशक-शतकांसाठी साध्या गाठी आणि शून्यासाठी मोकळी जागा. इंकांचे राज्य गेले, तरी खिपू खेड्यांत राहिला. माक्स ऊले यांनी १८९७ मध्ये बोलिव्हियातील कुतुसुमाचा मेंढपाळी खिपू प्रसिद्ध केला. त्याच्या गाठी जनावरे मोजत होत्या. पेरूमधील तुपिकोचा गावात तर दर जानेवारीच्या सभेत नव्या पदाधिकाऱ्यांच्या अंगावर पूर्वजांचे खिपू चढवले जातात. फ्रँक सॉलोमन यांनी २००४ च्या पुस्तकात या गावाचा सविस्तर अभ्यास मांडला. पण त्या गाठी वाचू शकणारे तिथे आता कुणी नाही.

नोंद टिकली, वाचन गेले. याच्या नेमके उलटे उदाहरण पाहायचे, तर पेरूला जायची गरज नाही. जोगेश्वरीहून सकाळी निघणारा जेवणाचा डबा पुरेसा आहे.

मुंबईची डबे पोहोचवण्याची व्यवस्था महादेव हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केली. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतून आलेल्या माणसांनी ती चालवली. सुरुवातीच्या काळात डबे ओळखण्यासाठी त्यांना रंगीत दोरे, चिंध्या बांधत. दोरा तुटतो, मळतो, आणि डबे वाढले की रंगही पुरत नाहीत. म्हणून पुढे झाकणावर रंगाने अक्षरे आणि आकडे आले.

या खुणेचे व्याकरण पार्ल्याच्या एका नमुन्यावरून समजते. ‘व्हीएलपी’ म्हणजे डबा जिथून उचलला ते विलेपार्ले स्टेशन, ‘ई’ म्हणजे तिथला डबेवाला. मोठा ‘३’ हे उतरण्याचे ठिकाण. कडेच्या ‘९ ईएक्स १२’ मधला ९ हा पोहोचवणारा गडी, ईएक्स म्हणजे एक्सप्रेस टॉवर्स आणि १२ हा मजला. डबा वाटेत तीन-चार हातांतून जातो. जोगेश्वरीला जलद गाडी थांबत नाही. त्यामुळे तिथले डबे अंधेरीच्या फलाटावर जलद गाडीसाठी पुन्हा लावायचे झाले, तर प्रत्येक झाकणाकडे पाहायला एक क्षणच मिळतो. त्या क्षणात जेवढे वाचता येईल तेवढेच झाकणावर लिहिलेले असते.

डबेवाले निरक्षर म्हणून खुणा वापरतात, ही समजूत मला फोल वाटते. ज्या खुणेत इंग्रजी अक्षरे आणि मजल्याचे आकडे आहेत, ती निरक्षराची सोय कशी? ती घाईची लिपी आहे. साठ लाखांत एक चूक, कुणाच्या तोंडी एक कोटी साठ लाखांत एक, हे आकडे भाषणांना शोभतात. विवेचनाला त्यांचा उपयोग नाही.

विचार करण्यासारखे आहे ते खुणेत नसलेले. ग्राहकाचे नाव नाही, घराचा पत्ता नाही, बिलाचा हिशेब नाही. संध्याकाळी रिकामा डबा परत येतो तो याच खुणेवर, उलट्या क्रमाने वाचून; पण ‘ई’पर्यंत आला की पुढचे घर त्या माणसाला पाठ असते. एकाकडे तीसेक ग्राहक, म्हणून पाठ ठेवणे शक्य होते. म्हणजे अर्धी नोंद झाकणावर, अर्धी माणसात. आणि एक गडी गावी गेला, तर त्याची आठवण डबेवाल्यांच्या टोळीतला दुसरा पेलतो, कारण चुकीची भरपाई टोळीलाच करावी लागते.

खिपूचेही असेच असावे, असे माझे मत आहे. गाठीत संख्या होती, पण कसली संख्या, कोणाकडून येणे, हे सांगणारा माणूस वेगळा होता. त्याचे काम संपले आणि दोरी मुकी झाली. उलट, मुंबईत दोरे रंगात विरघळले, तरी वाचणारे राहिले.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत लोकल थांबली तेव्हा माणसातल्या या अर्ध्या नोंदीलाच धक्का बसला. झाकणे घराघरांत पडून होती, त्यांवरचा रंग शाबूत होता. पण अनेक डबेवाले गावी परतले, आणि कार्यालये घरून चालू लागल्यावर ग्राहकही घटले. अशा वेळी संग्रहालयासाठी किंवा अभ्यासासाठी जुने डबे गोळा करणाऱ्यांनी केवळ झाकणांची छायाचित्रे काढून थांबू नये. टोळीच्या मुकादमाजवळ बसून त्या झाकणावर काय लिहिलेले नाही, तेही उतरवून घ्यावे.