एका कपापुरती कॉफी : पुडीपासून कॅप्सूलपर्यंत



आज कॉफीचा इतिहास लिहायचा आहे, पण तिच्या पिकाचा नव्हे, तिच्या वेष्टनाचा. एका कपापुरती कॉफी वेगळी बांधून विकायची कल्पना कुणाला सुचली, ती आपल्या स्वयंपाकघरात कशी शिरली आणि रिकामं वेष्टन शेवटी कुणाच्या गळ्यात पडलं, हे सांगायचं आहे. मी कॉमर्सची पदवीधर. त्यामुळे गोष्ट कुठलीही असो, वाचता वाचता मनात जमाखर्च मांडला जातोच.

भारतात कॉफी आली ती सतराव्या शतकात. बाबा बुदन यांनी येमेनमधल्या मोखा बंदरातून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असं परंपरा सांगते. मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाउस निघालं ते १९३६ साली. आपल्या मराठी घरांत मात्र रोजचा मान चहाचाच राहिला. कॉफी व्हायची ती पाहुणे आले तर, नाहीतर कुणाला बरं नसलं तर. दूध जास्त, साखर जास्त आणि वर किसलेलं जायफळ. मालवणात जायफळ परसातलंच, त्यामुळे तो वास इथे आजही घरचा वाटतो.

त्या काळी वाण्याकडून कॉफीची पूड कागदाच्या पुडीत यायची आणि घरी डब्यात ओतली जायची. पुडीचा दोरा गुंडाळून ठेवायचा, कागद चुलीत. गोड्या तेलाचा डबा रिकामा झाला की त्यात धान्य. आगळाची बाटली धुऊन पुढच्या वर्षी पुन्हा आगळालाच. हे सगळं पर्यावरण म्हणून कुणी करत नव्हतं. वेष्टनाला किंमत होती, म्हणून ते टाकलं जात नव्हतं, इतकंच.

पण "तो काळ किती छान" असं म्हणून मी पुढे जाणार नाही. बिया लोखंडी कढईत भाजायच्या, दळायच्या, उकळायच्या, गाळायच्या, मग गाळणी, पातेली घासायची. हे सगळं करायचं कुणी? बाईनेच. म्हणून सोयीला नावं ठेवण्याआधी ती सोय कुणाच्या पाठीचा भार कमी करते, हे पाहायला हवं.

हा भार खरा हलका केला तो झटपट विरघळणाऱ्या कॉफीने. १९२९ च्या मंदीनंतर ब्राझीलमध्ये कॉफीचे ढीग पडून होते. ती टिकेल अशी काही युक्ती काढा, अशी मागणी ब्राझीलकडून स्वित्झर्लंडच्या नेस्ले कंपनीकडे गेली आणि बऱ्याच वर्षांच्या खटपटीनंतर १९३८ मध्ये नेसकॅफे बाजारात आली. चमचाभर पूड, गरम पाणी, झाली कॉफी. भाजणं नाही, दळणं नाही, चोथा नाही. ही सगळी सोय एका बरणीत मावत होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच कंपनीतल्या एरिक फाव्र या इंजिनिअरने एका कपापुरती कॉफी कॅप्सूलमध्ये बंद करून यंत्राने गरम पाणी दाबून काढायची पद्धत शोधली. पेटंट १९७६ चं, आणि नेस्प्रेसो नावाने विक्री १९८६ पासून. या कॅप्सूल ॲल्युमिनियमच्या. अमेरिकेत जॉन सिल्व्हन यांनी क्यूरिग कंपनी काढली आणि १९९८ मध्ये तिचं यंत्र ऑफिसांमध्ये आलं. त्यातल्या कपाला वरून पत्र्यासारखं झाकण, आत गाळणीचा कागद आणि बाहेर प्लॅस्टिक. सिल्व्हन यांनी आपला हिस्सा त्याआधीच, १९९७ मध्ये विकला होता. पुढे आपल्या शोधातून झालेला कचरा पाहून त्यांनी जाहीरपणे खंत व्यक्त केली. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराने तर २०१६ मध्ये सरकारी पैशातून अशा कॅप्सूल विकत घ्यायच्याच नाहीत असं ठरवलं.

आपल्याकडे एका वेळेपुरत्या मालाची वाट दुसऱ्या दिशेने आली, आणि ती अधिक विचार करायला लावते. सत्तरच्या दशकात तमिळनाडूतल्या कडलूर गावी चिन्नी कृष्णन यांनी शांपू छोट्या पुडीत भरायला सुरुवात केली. श्रीमंत जे वापरतात ते मजुरालाही घेता यावं, हा त्यांचा विचार. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन १९८३ मध्ये १५,००० रुपये घेऊन घरच्या धंद्यातून वेगळे झाले आणि त्यांनी चिक शांपू काढला. त्यांची एक योजना मला फार आवडली. कुठल्याही कंपनीच्या पाच रिकाम्या पुड्या आणा आणि चिकची एक पुडी फुकट न्या. पुढे अट बदलली, फक्त चिकच्याच पुड्या चालतील. हेतू अर्थात खप वाढवण्याचा होता. पण यातून एक गोष्ट कायमची सिद्ध झाली. रिकामी पुडी गावोगावच्या दुकानातून परत गोळा करता येते. धंद्याला हवं होतं तेव्हा ते झालं, हवेपण संपलं तेव्हा थांबलं.

मग त्याच मापात कॉफी आली, दूध पावडर आली, लोणचं आलं, सॉस आला. रोजच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या बाईला पूर्ण बरणीचे पैसे एकदम काढता येत नाहीत. तिला पुडीने खरंच मदत केली, हे मान्य करायलाच हवं. शांपूच्या बाबतीत तर पुडीतला माल कितीदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतो. मग खर्च गेला कुठे? तो आपल्या वहीतून दुसऱ्याच्या वहीत गेला. पुडी म्हणजे प्लॅस्टिक, ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा आणि पुन्हा प्लॅस्टिक, असे एकमेकांना चिकटवलेले थर. ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला ती घेत नाही. दुधाची पिशवी तो घेतो, बाटली घेतो, पुडी मात्र तशीच राहते. तिची किंमत मोजते ग्रामपंचायत, नाला, शेवटी समुद्र.

कायद्यानेही पुडीला अधूनमधूनच हात लावला. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या महापुरात गटारं तुंबवायला प्लॅस्टिकच्या पिशव्याही कारणीभूत ठरल्या आणि राज्यात पातळ पिशव्यांवर बंदी आली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मार्च २०११ पासून गुटखा, तंबाखू प्लॅस्टिकच्या पुडीत विकायला मनाई झाली. २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्राची मोठी प्लॅस्टिकबंदी निघाली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, आणि दुधाच्या पिशवीवर ५० पैसे अनामत ठेवून ती परत घेण्याची तरतूद. पण कारखान्यातच मालाला लागणारं वेष्टन बंदीतून वगळलं गेलं. १ जुलै २०२२ च्या देशव्यापी बंदीतही स्ट्रॉ, चमचे, ढवळायच्या काड्या आहेत, कॉफीची पुडी नाही. म्हणजे काडी बंद, आणि ती ज्यासाठी होती ती पुडी चालू.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा झाला. तारकर्ली, देवबाग, चिवला, सगळीकडे घरगुती खोल्या झाल्या. चार घरांत पैसा आला, मुलं मुंबईला न जाता गावात राहिली, हे मोठंच काम झालं. पण प्रत्येक खोलीत विजेची किटली आणि शेजारी तबकात पुड्या. पावसाळ्यानंतर किनाऱ्यावर चक्कर मारली की वाळूत हेच रंगीत तुकडे दिसतात. रापण ओढणाऱ्यांच्या जाळ्यातही ते येतात. किल्ल्याभोवतालचा हा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पाणी गाळून पिणाऱ्या आपण, त्या पाण्यातल्या जिवांच्या पोटात काय जातं याचा विचार आपल्यालाच आधी सुचायला हवा.

आपल्याकडे विहिरीचं पाणी गाळल्यावर गाळण्याचं कापड उलटं धरून, वरून पाणी घालून ते पाणी परत त्याच विहिरीत हळूच सोडायचा नियम आहे. जिथून जीव घेतले तिथेच ते पोचवायचे. पाच समितींमधली शेवटची उत्सर्ग समिती, म्हणजे टाकायची वस्तूसुद्धा जागा पाहून, जीव पाहून टाकायची. ती मुनींसाठी सांगितली असली तरी श्रावकाच्या घराला तिच्यातून पुष्कळ घेता येतं. वस्तू आपल्या हातातून सुटली तरी आपली जबाबदारी सुटत नाही, हा तिचा साधा अर्थ. वापरलेल्या कॅप्सूलमध्ये तर ओला चोथा बंद होऊन राहतो. त्यात बुरशी धरायला किती वेळ लागतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

हा प्रश्न यंदा आमच्या घरातही आला. आम्ही वरच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. मुलाचं म्हणणं, कॅप्सूलचं यंत्र ठेवूया. सूनबाई म्हणाली, "आई, पहाटे पाचला कॉफी मागणारे पाहुणे असतात. उठायचं मलाच असतं." तिचं म्हणणं खरं होतं, म्हणून मी वही घेऊन बसले. कॅप्सूलमध्ये साडेपाच ग्रॅमच्या आसपास कॉफी. म्हणजे किलोभर कॉफीला सुमारे १८० कॅप्सूल. दोन खोल्यांत चार माणसं, दिवसाला दोन कप, तर दिवसाला ८ आणि शंभर दिवसांच्या हंगामात ८००. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला नव्याच्या मानाने जेमतेम पाच टक्के ऊर्जा लागते, हे खरं. पण त्यासाठी ती कॅप्सूल उघडून, चोथा काढून, गोळा करून कुणीतरी न्यायला हवी. मालवणहून कोण नेणार?

दुसरी बाजूही पाहिली. कॅनडातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये कॉफीच्या पद्धतींची तुलना केली, त्यात कॅप्सूल सर्वांत वाईट ठरली नाही. गाळणीच्या यंत्रात लोक कॉफी आणि पाणी जास्त घालतात, उरलेली ओतून देतात, म्हणून तिचाच भार अधिक. आणि सर्वांत हलकी कुठली? साधी विरघळणारी कॉफी, पाणी लागेल तेवढंच तापवलं तर.

म्हणजे १९३८ चीच बरणी! पहाटे उठायला नको, चोथा नको, भांडी नकोत, हे सगळं तिने तेव्हाच दिलं होतं. सोय पुडीत नव्हती, पुडी सोयीला नंतर चिकटवली गेली. आम्ही यंत्र घेतलं नाही. खोलीत आता झाकणाच्या काचेच्या दोन छोट्या बरण्या, एकीत कॉफी, एकीत साखर, स्टीलचे चमचे, आणि रात्री खोलीच्या छोट्या फ्रिजमध्ये दुधाची बाटली. सूनबाईची झोप वाचली. मुलगा म्हणतो, यंत्राने खोलीचं भाडं वाढलं असतं. वाढलंही असतं. तो तोटा मी वहीत लिहून ठेवला आहे, लपवला नाही.

वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने घरातूनच कचरा वेगळा करायला लावून ओल्याचा बायोगॅस केला, प्लॅस्टिकचे तुकडे डांबरी रस्त्यात वापरले. बाहेरचे लोक तो डेपो पाहायला येतात. तुम्हीही कधी इकडे आलात तर अवश्य पाहा. आणि दशलक्षण पर्वाच्या आधी आपल्या मंदिराच्या भोजनसमितीत एवढंच विचारा, की पारण्याच्या दिवशी साखर, कॉफी, दूध पावडर पुड्यांत आणणार की डब्यात? डबे, चमचे कुणी घासायचे हा प्रश्न निघेलच. तेव्हा पुरुष मंडळींकडेही बघा.