बंबापासून हीट पंपापर्यंत



राजेरजवाड्यांचा इतिहास पुस्तकांतून वाचायला मिळतो. घरातल्या ऊन पाण्याचा आणि गार वाऱ्याचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहीत नाही. खरे पाहता तो आपल्याच हातांखालून गेलेला आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी वाचून, विचारून आणि पाहून जे समजले ते आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी लिहीत आहे.

आरंभ आपल्या गावापासूनच करते. मलिक अंबराने १६१० साली खडकी वसवली आणि डोंगराकडचे पाणी नहरीने गावात आणले. पुढे ह्याच गावाचे औरंगाबाद झाले आणि आज ते छत्रपती संभाजीनगर आहे. पाणचक्की आपण सर्वांनी पाहिली आहे. दूरवरून खापरी नळांनी आलेले पाणी तिथे जाते फिरवी आणि यात्रेकरूंसाठी व फकिरांसाठी दळण होई. त्या मोठ्या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचे छत आहे. बाहेर रणरणते ऊन असले तरी त्या दालनात जीव शांत होतो. डोक्यावर पाणी धरून खाली गारवा मिळवण्याची ही युक्ती विजेच्या पुष्कळ आधीची आहे.

माठ, वाळ्याचे पडदे, अंगणातला सडा आणि अलीकडचा कूलर ही सारी त्याच कुळातली. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेते, एवढाच त्यातला नियम आहे. आपली मराठवाड्याची उन्हाळी हवा कोरडी. ओले धोतर तासाभरात वाळते. म्हणून आपला माठ गार आणि कूलर समर्थ. मात्र कूलर पाणी पितो, आणि ज्या शहराने वर्षानुवर्षे दिवस मोजून नळाची वाट पाहिली, तिथे ही गोष्ट लहान नव्हे.

आता सह्याद्री उतरून कोकणात चला. तिथे पारा आपल्यापेक्षा खाली असतो, पण अंगाचा घाम वाळत नाही. मीठ पाझरते, पापड मऊ पडतात, कपाटातल्या लुगड्यांवर बुरशी चढते. हवा आधीच बाष्पाने भरलेली, तेव्हा आणखी पाणी ती कोठून घेणार? तिथे कूलर लावला तर दमटपणाच वाढतो. आपली विद्या घाटावरची. ती घाटाखाली चालत नाही.

अशा दमट हवेसाठी जे यंत्र उपयोगी पडले त्याची कुळकथा मोठी गमतीची आहे. उष्णता आपण होऊन गरमाकडून गाराकडे जाते. तिला उलट न्यायचे तर पाणी उपसावे तसे श्रम करावे लागतात. अशा यंत्राने घरे गरम करता येतील हा विचार विल्यम थॉमसन ह्या शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये मांडला. तेच पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झाले. ऑस्ट्रियात पीटर रिटिंगर ह्यांनी १८५६ च्या सुमारास मिठाचे पाणी आटवण्यासाठी हे तत्त्व वापरून पाहिले. हेतू हा की जळाऊ लाकूड वाचावे. १९०२ मध्ये अमेरिकेत ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि रंग जुळत नसत. त्यावर विलिस कॅरिअर ह्यांनी हवेतले बाष्प काढणारी योजना आखली आणि त्यातून आजचा एअर कंडिशनर वाढीस लागला. १९३८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये झुरिचच्या नगरभवनात लिमाट नदीच्या थंड पाण्यातून ऊब उपसून इमारत गरम करण्यात येऊ लागली.

हे यंत्र आपल्याला परके नाही. गोदरेजने १९५८ साली भारतात फ्रिज बनवला आणि हळूहळू तो स्वयंपाकघरात आला. फ्रिजच्या मागे हात धरून पाहा, ऊन लागते. आतल्या दुधाची उष्णता यंत्राने मागे आणून टाकलेली असते. हीट पंप हा फ्रिजचाच भाऊ. तो भोवतालच्या हवेतली उष्णता काढून टाकीतल्या पाण्यात घालतो.

रत्नागिरीला माझ्या नणंदबाई राहतात. त्यांच्या सासूबाईंचा सारा जन्म पहाटे तांब्याचा बंब पेटवण्यात गेला. पावसाळ्यात ओली लाकडे फुंकून डोळे लाल होत. पुढे गीझर आला आणि धूर गेला, पण माणसे आठ, म्हणून विजेचे बिल वाढले. हीट पंपाची किंमत गीझरच्या कितीतरी पट, त्यामुळे घरात पुष्कळ वाद झाला. शेवटी वन्संनी वहीत हिशोब मांडला. शंभर लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला गीझरला सुमारे तीन युनिट लागतात, हीट पंपाला एकाच्या आसपास. वही पाहून सगळे गप्प झाले.

मिस्त्री तो न्हाणीघरात बसवणार होता. वन्संनी अडवले. ह्या यंत्राला मोकळी हवा लागते. कोंडलेल्या खोलीत ते स्वतःच हवा गार करून बसते. समुद्राच्या तोंडावरही नको, कारण खारा वारा पत्रे आणि नळ्या खातो. म्हणून मागच्या पडवीत, पावसाआड, चौथऱ्यावर त्याची जागा ठरली, आणि गळणाऱ्या पाण्यासाठी उताराची नळी लावली. पाणी तापायला दोन-तीन तास लागतात, हे मात्र सर्वांना अंगवळणी पाडावे लागले.

ते गळणारे पाणी पाहून मला सगळ्या गोष्टीचे मर्म कळले. हवेतले बाष्प थंड नळ्यांवर पाणी होऊन उतरते, आणि उतरताना पोटातली उष्णता सोडते. लिटरभर पाण्यामागे ती अर्ध्या युनिटाहून अधिक भरते. आपल्याकडे पाण्याची वाफ होताना ऊब जाते आणि माठ गार होतो. कोकणात वाफेचे पाणी होताना तीच ऊब परत मिळते. जो दमटपणा लुगडी खराब करी, तोच आता आंघोळीचे पाणी तापवू लागला. शिवाय पडवीत गार, कोरडा वारा येतो. वन्सं पापडाचे डबे तिथेच ठेवतात.

तेव्हा भगिनींनो, शेजारणीकडे आहे म्हणून कोणतेही यंत्र घरात आणू नये. आपल्या गावची हवा आणि पाणी पाहावे, वहीत हिशोब मांडावा. आणि पुरुषमंडळींनाही नम्रपणे सांगावेसे वाटते की, बंबाचा धूर जिने सोसला आणि पहाटेचे पाणी आजही जी काढते, तिला विचारल्याशिवाय ह्या खरेदीचा निर्णय करू नये.