खणलेले आणि गणलेले

‘खनिज’ या शब्दाची फोड सोपी आहे. ‘खन्’ म्हणजे खणणे, ‘खनि’ म्हणजे खाण आणि तिच्यातून जन्मले ते खनिज. खणायचे हत्यार ते ‘खनित्र’ आणि बिळे करणारा उंदीर तो ‘आखु’, हेही त्याच धातूचे. किल्ल्याभोवतीचा ‘खंदक’ आपल्याकडे फारसीतून आला, पण त्याच्या मुळाशी असलेला इराणी धातूही ‘खन्’चा सख्खा भाऊच. युरोपीय भाषांतला ‘मिनरल’ही खाणीवरूनच आला आहे. थोडक्यात, खनिज खणूनच मिळते, हे या सगळ्या शब्दांनी गृहीत धरले आहे.

पृथ्वीच्या पोटात सर्वांत विपुल असलेले खनिज मात्र कोणीही त्याच्या जागेवरून खणून काढलेले नाही. ते आहे ब्रिजमनाइट : मॅग्नेशियम, सिलिकॉन, ऑक्सिजन आणि थोडे लोह. पृथ्वीच्या आकारमानाचा सुमारे ३८ टक्के भाग त्याचा, पण त्याचे राज्य सुरू होते ६६० किलोमीटर खोलीवर. रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचे विक्रमी छिद्र १२ किलोमीटरच्या जरा पुढे थांबले. नैसर्गिक नमुना हाती आल्याशिवाय खनिजाला अधिकृत नाव मिळत नाही, म्हणून २०१४पर्यंत हे खनिज बिननावाचेच होते. अखेर १८७९ साली ऑस्ट्रेलियात पडलेल्या टेनहॅम उल्केत त्याचे सूक्ष्म कण ओळखले गेले आणि उच्च दाबाचे अभ्यासक पर्सी ब्रिजमन यांचे नाव त्याला दिले गेले. ‘खनिज’ म्हणायचे, आणि नमुना मिळाला तो आकाशातून!

मग भूगर्भातला त्याचा स्वभाव कळतो कसा? एक वाट प्रयोगशाळेतली, हिऱ्यांच्या दोन टोकांमध्ये कण दाबण्याची. दुसरी ‘संगणका’ची. ‘सम्’ आणि ‘गण्’, म्हणजे एकत्र मोजणे. कोणते अणू कुठे बसले आहेत एवढे सांगायचे. इलेक्ट्रॉनांचा हिशेब पुंजभौतिकीच्या समीकरणांतून निघतो. वॉल्टर कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४-६५मध्ये त्यासाठीची पद्धत घालून दिली. मग अणूंची चौकट किंचित दाबायची, किंचित तिरकी करायची आणि ऊर्जा किती वाढते ते पाहायचे. त्यावरून स्थितिस्थापकता निघते आणि तिच्या जोडीला घनता असली की भूकंपलहरींचा वेग.

‘स्थितिस्थापकता’ हा शब्द पाठ्यपुस्तकासाठी कोणीतरी जुळवलेला असावा, असे वाटते. तसे नाही. वैशेषिक दर्शनात ‘संस्कार’ नावाच्या गुणाचे तीन प्रकार आहेत : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वाकवलेली वस्तू पूर्वस्थितीला नेतो तो स्थितिस्थापक. या दर्शनाचे भाष्यकार प्रशस्तपाद यांनी उदाहरणे दिली आहेत ती धनुष्याची, फांदीची, शिंगाची, हाडाची, सुताची, वस्त्राची. दृश्य जग परमाणूंचे मानणाऱ्या दर्शनातला हा शब्द आज अणूंच्या चौकटीला लावला जातो, याचा मला मनापासून आनंद आहे.

या साऱ्या कामाला नाव मात्र हवे तसे मिळालेले नाही. रूढ नाव ‘सिम्युलेशन’, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ सारखे करणे, सोंग आणणे. ‘सदृशीकरण’ हा मराठी प्रतिशब्दही त्याच वळणाचा. विमान चालवण्याच्या सरावयंत्राला तो शोभतो, कारण तिथे मूळ विमान डोळ्यांसमोर असते. इथे मूळच अदृष्ट. सदृश करायचे ते कशाशी? २००४मध्ये जपानी संशोधकांनी ब्रिजमनाइट सुमारे साडेबारा लाख वातावरणांच्या दाबाखाली, प्रचंड तापमानात धरले, तेव्हा अणूंची रचनाच बदलली. त्याच वर्षी या नव्या रचनेची स्थितिस्थापकता गणिताने काढली गेली आणि सुमारे २,७०० किलोमीटर खोलीवर भूकंपलहरींचा वेग एकदम का बदलतो, या जुन्या कोड्याला पटणारे उत्तर मिळाले. कोणाची नक्कल करून ते मिळालेले नाही. मी तरी याला साधे ‘गणन’च म्हणेन.